आता मला कुठं ठेवणार?

केमोच्या दुसऱ्या फेरीच्या सकाळी आईची चप्पल सापडेना. साडेनऊपर्यंत मिरजेला पोचायचं होतं, खाली रिक्षा उभी होती आणि घरातली तीन माणसं कॉटखाली, कपाटामागं वाकून शोधत होती. शेवटी ती मावशीची चप्पल घालून गेली. तिची स्वतःची संध्याकाळी पिठाच्या डब्यामागं मिळाली. तिसऱ्या फेरीला पुन्हा तेच. या वेळी चप्पल गच्चीवरच्या टाकीमागं निघाली. मावशीनं पोराला धपाटा घातला आणि दोन दिवसांनी त्याला माझ्याकडं घेऊन आली.

"मॅडम, आई मरणाच्या दारात आणि ह्याला मस्करी सुचतीय. डोळ्यात टिपूस नाही. दगड आहे नुसता."

मुलगा नऊ वर्षांचा. त्याला इथं सोहम म्हणूया. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आई-वडिलांनी लिहायला होकार दिला. सोहमलाही विचारलं होतं. "चपलेचं लिहा, पण मार खाल्लेला लिहू नका," असं तो म्हणाला. ते मी ऐकलेलं नाही आणि तसं त्याला सांगितलंही आहे.

मी सांगलीत मुलांची समुपदेशक म्हणून काम करते. आई-वडिलांच्या दुखण्यात मुलं माझ्याकडं सहसा रडतात म्हणून आणली जातात, किंवा अभ्यास सुटला, अंथरूण ओलं करायला लागली म्हणून. "रडत नाही" ही तक्रार घेऊन फार कमी लोक येतात. उलट अशा पोराचं घरात कौतुकच होतं, किती समजूतदार आहे म्हणून. मावशीला ते खटकलं याबद्दल मी तिचे आभारच मानते, धपाट्यासकट.

सहा घरं

सोहमचं मूळ गाव खानापूर तालुक्यातलं, विट्याच्या बाजूचं. तो भाग ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं निम्मं सांगावं लागणार नाही. खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या कामासाठी, पिढ्यानपिढ्या देशभर पांगलेली आहेत. पाऊस बेभरवशाचा, जमीन कोरडवाहू. पैसा बाहेरूनच यायचा. गावात मोठी घरं उभी राहतात आणि त्यांत म्हातारी माणसं आणि नातवंडं राहतात. आई-बाप जत्रेला नाहीतर दिवाळीला येतात.

सोहमचा जन्म २०१५ चा. वडिलांचं भागीदारीतलं दुकान तमिळनाडूत होतं, पहिले चौदा महिने तो तिथंच वाढला. मग आईला कावीळ झाली, दुकानावरची खोली एवढीशी, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की पोराला गावी आजीकडं ठेवावं. आई-वडील आठवडाभर गावी राहिले आणि एका पहाटे तो झोपेत असताना निघून गेले. रडू नये म्हणून.

ही 'रडू नये म्हणून'ची पद्धत आपल्याकडं घरोघरी आहे. पोराला खेळात गुंतवायचं आणि मागच्या दारानं सटकायचं. मूल रडत नाही हे खरं, कारण रडायला समोर कुणी नसतं. पण माणूस डोळ्यांदेखत जात नाही, ते झोपेत नाहीसं होतं, एवढं मूल शिकतं. चौदा महिन्यांचं मूल हे शब्दांत सांगू शकत नाही. त्या दिवसापासून सोहम रात्री तीन-तीनदा उठून आजीच्या अंगावर हात टाकून बघायचा, असं गावातल्या चुलतीनं मला नंतर सांगितलं.

आजीनं मात्र त्याला खरंच वाढवलं. जवळपास सहा वर्षांचा होईपर्यंत तीच त्याची आई होती. आजीच्या जुन्या लुगड्यांची वाकळ, आजीच्या हातची भाकरी, आजीबरोबर शेळ्यांमागं हिंडणं. २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आजीला रात्री रुग्णवाहिकेतून नेलं. ती परत आली नाही. पोराला "आजी देवाघरी गेली" एवढं सांगून त्याच आठवड्यात सांगलीला मावशीकडं पाठवलं. दोन महिन्यांत कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या जुलैत पाणी तिच्या कितीतरी वर गेलं. मावशीचं घर सखल भागात होतं. सगळे मिरजेला मावशीच्या नणंदेकडं गेले. पाणी ओसरल्यावर घर धुवायला काढलं तेव्हा भिजलेल्या गाद्यांबरोबर आजीची वाकळही फेकली गेली. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, चिखलाचा वास मारत होती ती.

पुढच्या वर्षी आई-वडिलांनी त्याला तमिळनाडूला नेलं. शाळेतली भाषा कळेना, गल्लीत कुणी खेळायला घेईना. वर्षभरात भागीदारी बिनसली, दुकान सुटलं आणि तिघंही सांगलीत भाड्याच्या घरात आले. वडील सराफ कट्ट्यावर एका पेढीत नोकरीला लागले. म्हणजे आठव्या वर्षापर्यंत सोहमनं सहा घरं बघितली आणि त्याला सांभाळणारी माणसं तीन वेळा बदलली. एकदाही कुणी त्याला आधी सांगितलं नव्हतं.

सांगलीत आल्यावर वर्षभरानं, २०२४ च्या जूनमध्ये, आईच्या छातीत गाठ निघाली. सुईनं तुकडा काढून तपासला, स्तनाचा कर्करोग. आधी केमो देऊन गाठ बारीक करायची, मग शस्त्रक्रिया, मग किरणोपचार, असं ठरलं. केशरी रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेत प्रकरण बसलं. पहिल्या केमोच्या दिवशी सोहमला शाळेत सोडलं आणि आई मिरजेला गेली. त्याला काही सांगितलं नाही. रडू नये म्हणून.

मी काय चुकीचं वाचलं

पहिल्या भेटीत सोहम थेट माझ्या खुर्चीला चिकटून उभा राहिला. माझं पेन घेतलं, चष्मा घालून बघितला.

"तुमच्या घरी किती खोल्या आहेत?"

"तीन."

"कोण कोण राहतं?"

मी सांगितलं.

"मग एक रिकामी असंल की."

मी हसले आणि वहीत लिहिलं: 'चटकन मिसळतो. बोलका.' ती वही अजून माझ्याकडं आहे. ते वाक्य मी खोडलेलं नाही.

दुसऱ्या भेटीत मावशी सहज बोलून गेली की हा दप्तराशेजारी आणखी एक पिशवी भरून ठेवतो, हात लावू देत नाही. मी त्याला ती आणायला सांगितली. आणली. आत दोन शर्ट, दोन पँटी, आधारची झेरॉक्स, बिस्किटांचे तीन पुडे, भडंगाचं एक पाकीट, आणि आजीचा फोटो, अर्जावर चिकटवतात तेवढा.

"गावाला निघालास काय?"

"नाही. लागली तर."

"कशाला लागंल?"

माझं डोकं चालत नाही अशा नजरेनं त्यानं बघितलं. "मम्मीचं काय झालं तर आता मला कुठं ठेवणार, ते अजून ठरलं नाही ना."

या प्रकरणाचा गाभा या एका वाक्यात आहे. आम्ही मोठी माणसं धरून चाललो होतो की पोराच्या मनात 'आई वाचेल का' हाच प्रश्न असणार, आणि तो नसला तर पोरगं निष्ठुर. ज्या मुलाचं घर आणि माणूस टिकून राहिलेलं आहे, त्याला तो प्रश्न पडतो. ज्याचा प्रत्येक माणूस गेला की मागोमाग पत्ताही बदलला, त्याला आधी पत्त्याचा प्रश्न पडतो. आईसाठी रडणं त्याच्या यादीत होतं, पण त्याच्या आधी छप्पर होतं. तो सहा आठवडे त्याच कामात होता. पिशवी भरत होता, खाऊ साठवत होता, कुणाच्या घरात जागा आहे याची चौकशी करत होता. माझ्याकडं चौकशी झाली तशी शाळेतल्या शिपाईमामांकडंही झाली होती, खालच्या दुकानदाराकडंही.

मग चप्पल? आईला जाता येऊ नये म्हणून त्यानं ती लपवली, हे कुणालाही दिसेल. मला त्यात आणखीही काही दिसलं, आणि ते आईला सांगताना मला बरं वाटलं. कुणी जाऊ नये असं वाटायला आधी ते माणूस आपलं वाटावं लागतं. चौदा महिन्यांचा असताना त्याला सोडून गेलेली आणि सात वर्षांचा झाल्यावर परत भेटलेली बाई त्याला 'आपली' वाटायला लागली होती. याचा पुरावा तिच्या घरात पिठाच्या डब्यामागं पडला होता, आणि त्यासाठी पोरानं धपाटा खाल्ला होता.

थोडं शास्त्र, गरजेपुरतं

मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या बंधाचा पद्धतशीर विचार मांडला तो जॉन बोल्बी या इंग्लिश मनोविकारतज्ज्ञानं. घराबाहेर वाढणाऱ्या मुलांबद्दलचा त्याचा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेनं १९५१ साली छापला. बोल्बीला स्वतःला आयांनी वाढवलं, आणि त्याची लाडकी आया तो चार वर्षांचा व्हायच्या सुमारास नोकरी सोडून गेली. त्या अहवालाच्या काळातच त्याचे सहकारी जेम्स रॉबर्टसन दवाखान्यात एकट्या ठेवलेल्या लहान मुलांचं निरीक्षण करत होते. तेव्हा इंग्लंडमधल्या दवाखान्यांत आई-बापांना भेटायला फार थोडा वेळ द्यायचे. मूल आधी आकांत करतं, मग खचून गप्प होतं, आणि शेवटी 'छान रमतं', असं रॉबर्टसननी नोंदवलं. परिचारिकांना हा तिसरा टप्पा म्हणजे मूल बरं झाल्याची खूण वाटायची. रॉबर्टसनना ते मूल आईपासून तुटल्याची खूण वाटली. मावशीचा 'दगड' आणि माझ्या वहीतलं 'चटकन मिसळतो' ही दोन्ही त्या तिसऱ्या टप्प्याचीच वर्णनं होती.

इथं दोन सावधगिरीच्या गोष्टी. हा सिद्धांत एक आई आणि एक मूल अशा घरातून आलेला आहे. आपल्याकडं पोर चार हातांत वाढतं आणि चांगलं वाढतं. आजीकडं राहणं हे नुकसान नव्हे, सोहमचा सगळ्यात भक्कम बंध आजीशीच होता. नुकसान केलं ते न सांगता झालेल्या अदलाबदलीनं. दुसरी गोष्ट, या मुलाला मी आजाराचं नाव चिकटवलं नाही. बंधाचा विकार म्हणून जे निदान केलं जातं, त्याला सुरुवातीच्या वर्षांत गंभीर हेळसांड झालेली असावी लागते आणि लक्षणं पाच वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात. सोहमला त्या वर्षांत आजी होती. मी बंध जुळायची अडचण म्हणते आणि तेवढ्यावर थांबते. नातेवाइकांनी फोनवर बघितलेले व्हिडिओ मला दाखवले, त्यात अशा मुलाला घट्ट दाबून धरायचं आणि सुटू द्यायचं नाही असा 'उपचार' होता. अमेरिकेत अशा प्रकारांत मुलांचे जीव गेले आहेत. त्या वाटेला जाऊ नये.

ठरवणं

तिसऱ्या भेटीला मी आई, वडील आणि मावशी यांना एकत्र बसवलं आणि सरळ विचारलं, आई दवाखान्यात राहिली तर पोरगं कुठं राहणार? आणि आई परत आलीच नाही, तर?

वडील उठूनच उभे राहिले. "मॅडम, असलं अभद्र कशाला बोलायचं?"

डोक्याला रुमाल बांधलेली आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "बसा हो. ठरवूया. मला पण झोप लागंल."

तासाभरात जे ठरलं ते वहीच्या पानावर लिहून घेतलं. सोहम हलणार नाही, माणसं हलतील. आई दवाखान्यात असली तर मावशी इकडं झोपायला येईल. जास्त दिवस लागले तर गावाकडून आत्या येईल. शाळा तीच, घर तेच, त्याची कॉटही तीच. आणि काहीही झालं तरी पप्पा त्याला इथं ठेवून तमिळनाडूला राहायला जाणार नाहीत. जायचं झालं तर बरोबर नेतील. हे शेवटचं वाक्य लिहायला वडिलांना सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण जुना भागीदार अधूनमधून फोन करत होता. मी घाई केली नाही. खोटं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं परवडलं. शेवटी त्यांनी लिहिलं आणि सही केली.

आजार सांगायचं काम आईनं स्वतःकडं घेतलं. घरात तोवर 'गाठ', 'दुखणं', 'मिरजेचं' असे शब्द चालत होते; 'कॅन्सर' हा शब्द सोहमला शाळेतल्या एका पोरानं आधीच सांगितला होता. रविवारी दुपारी जिन्याच्या पायरीवर बसून ती बोलली. छातीत गाठ आहे, तिला कॅन्सर म्हणतात. सलाईनमधून लाल औषध देतात ते गाठ बारीक करायला. केस त्या औषधानं गेले, उलट्या त्या औषधानं होतात, तुझ्या त्रास देण्यानं नाही. डॉक्टर म्हणतात, बरी होण्यासारखी आहे, पण लिहून कुणी देत नाही. आणि काय झालं तरी तू ह्याच घरात.

मधल्या 'तुझ्या त्रास देण्यानं नाही' या वाक्यासाठी मी आग्रह धरला होता. "आईला त्रास देऊ नको, ती आणखी आजारी पडंल" हे घरातली तीन माणसं रोज त्याला ऐकवत होती. मोठ्यांच्या तोंडात तो नुसता दम असतो, मुलाच्या कानात ते कारण होऊन बसतं.

सोहमनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "रिक्षाचे पैसे कोण देतं?" मग खेळायला गेला. आई हिरमुसली. पोरं अशी बातमी एका घोटात गिळत नाहीत. दोन दिवसांनी रात्री दिवा मालवल्यावर तो अंधारात म्हणाला, "आजीला पण कॅन्सर होता काय?"

तीन वर्षांत त्या घरात कुणी आजीचं नाव काढलं नव्हतं. आठवण काढली की पोरगं रडेल म्हणून. वडिलांनी उठून दिवा लावला आणि सांगितलं. कोरोना, ऑक्सिजन, नऊ दिवस दवाखाना, तेव्हा कुणाला जवळ जाऊ देत नव्हते, मला पण नाही. वडील आपल्या आईसाठी पोरासमोर पहिल्यांदा रडले. सोहम रडला नाही, पण वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसला. पुढच्या आठवड्यात वडील गावी जाऊन माळ्यावरची आजीच्या हातची दुसरी एक वाकळ घेऊन आले. सोहमनं ती नाकाला लावली. "ह्याला आजीचा वास येत नाही," म्हणाला, आणि तीच पांघरून झोपला.

कॅलेंडर आणि त्याला पडलेली फट

ते लाल औषध २१ दिवसांनी एकदा. हे वेळापत्रक आजाऱ्याला कंटाळवाणं असतं, पण अशा मुलाला ते सोन्यासारखं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर सोहमनं स्वतः खुणा केल्या. जायच्या दिवसाला लाल गोल, पुढचे चार दिवस 'मम्मी झोपणार', सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत पिवळी रेघ. त्या दिवसांत आईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असतात, तेव्हा सर्दी असली की मास्क लावूनच जवळ जायचं. सर्दी नसली तर खुशाल जवळ जायचं. हे वेगळं लिहावं लागलं, कारण मावशी त्याला आठवडाभर खोलीतच जाऊ देत नव्हती. जाताना त्याला उठवून, सांगून जायचं. आणि चप्पल घालायला द्यायचं काम त्याचं. परत आल्यावर काढून जागेवर ठेवायचंही त्याचंच.

चौथ्या फेरीच्या सकाळी चप्पल दारात हजर होती. आईनं "संध्याकाळी पाचपर्यंत येते" म्हटलं आणि सोहमनं भोकाड पसरलं. एवढं की शेजारी आले. मावशीचा मला फोन, "मॅडम, होतं ते बरं होतं, आता तर जास्तच बिघडलं." मी म्हटलं, रडू दे. आठ वर्षांपूर्वीच्या त्या पहाटेचं राहिलेलं रडणं असेल कदाचित. आई पाच वाजून दहा मिनिटांनी आली. त्यानं ती दहा मिनिटं बोलून दाखवली.

आणि मग फट पडली. चौथ्या फेरीच्या दहाव्या दिवशी रात्री दोनला आईला १०१ ताप चढला. पेशी कमी असताना १००.४ च्या वर ताप गेला की सकाळची वाट बघायची नसते, हे वडिलांना पाठ होतं. त्यांनी रिक्षा बोलावली, वरच्या मजल्यावरच्या काकूंना सोहमपाशी झोपायला बसवलं आणि गेले. उठवलं नाही. रात्रीची वेळ, झोपेतलं पोर, दवाखाना. आजीची रात्र जशीच्या तशी.

आई पाच दिवसांनी परत आली तेव्हा सोहमनं तिच्याकडं बघितलंही नाही. चप्पल उचलली नाही. मावसभावाला चावला, तीन रात्री अंथरूण ओलं केलं, पिशवीत पुन्हा भडंगाची पाकिटं. कॅलेंडर भिंतीवरून काढून त्यानं कॉटखाली टाकलं होतं.

वडील मला म्हणाले, "माझं चुकलं." माझंही चुकलं होतं. मी एवढं नीटनेटकं वेळापत्रक करून दिलं की त्यात न ठरलेल्या जाण्याला जागाच ठेवली नाही. कर्करोगात न ठरलेलं जाणं हे ठरलेलंच असतं. मी ते जाणून होते, तरी मुलाला भिववायला नको म्हणून बोलले नाही. म्हणजे मीसुद्धा 'रडू नये म्हणून'च वागले. हे मी सोहमला सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही मोठ्या आहात ना, मग?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

नवा नियम वडिलांनी केला, मी नाही. रात्री कितीही वाजता जावं लागलं तरी उठवायचं. पोरगं रडलं तर रडत सोडून जायचं, पण जागं सोडून जायचं. दवाखान्यातून सकाळी आठला एक फोन, आईचा आवाज असो नाहीतर पप्पांचा. पुढं सहाव्या फेरीनंतर एकदा पुन्हा रात्री जायची वेळ आली. सोहम उठला, डोळे चोळत चप्पल दिली आणि विचारलं, "ॲम्ब्युलन्स की रिक्षा?" रिक्षा म्हटल्यावर आडवा झाला. काकू म्हणाल्या, झोपला नाही, पण आडवा पडून राहिला.

आईचं

आईबद्दल थोडं बोललंच पाहिजे. तिला आजारापेक्षा अपराधाचं ओझं जास्त होतं. "मी टाकून गेले, म्हणून देवानं दिलं," असं ती मला दोनदा म्हणाली. केमोनंतरच्या वाईट दिवसांत तिला वाटायचं की त्यानं जवळ येऊन गळ्यात पडावं, आणि तो दारातून बघून निघून जायचा. ती त्याची परीक्षा घ्यायला लागली. "मी मेले तर रडशील का रे?" मी तिला हे पूर्ण बंद करायला लावलं. जो बंध नुकता रुजतोय तो उपटून बघायचा नसतो.

त्याऐवजी ठरलेल्या, छोट्या, चुकू नयेत अशा गोष्टी. रात्री साडेआठला दहा मिनिटं पत्ते. पडून खेळायचे, अंगाला अंग लागलं तर लागलं. एका रात्री त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "परत येतात?"

"येतात."

"सगळे?"

"सगळे."

याच सुमाराला तो आईचा ताप दिवसातून आठ-आठ वेळा मोजायला लागला, पाण्याचे पेले मोजायला लागला. सगळ्यांना गहिवर आला. मला काळजी वाटली. जो मुलगा कुणावर टेकायला शिकला नाही, तो फार लवकर दुसऱ्याची टेकण होतो, आणि ती निष्ठुरपणापेक्षा दिसायला गोड अडचण आहे. थर्मामीटर पप्पांच्या ताब्यात गेला. सोहमकडं एकच काम राहिलं, संध्याकाळचा आकडा वहीत लिहायचा.

शाळेत पोरं आईच्या टकलावरून हसली तेव्हा हाही त्यांच्याबरोबर हसला, अशी बाईंची तक्रार होती. बाईंशी एकदा भेट झाली, त्यांनी नंतर फार नीट सांभाळलं. लांबवण्यासारखं त्यात काही नाही.

पुढं

आठ फेऱ्या डिसेंबरात संपल्या. जानेवारीत शस्त्रक्रिया. जखमेतलं पाणी जमा करणाऱ्या, पोटाजवळ लोंबणाऱ्या नळीच्या डब्याला सोहम 'मम्मीची वॉटरबॅग' म्हणायचा. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या हातानं जड उचलायचं नाही हे त्याला आईपेक्षा जास्त लक्षात राहतं. मार्चमध्ये किरणांचे पंधरा दिवस झाले. आता रोजची गोळी आणि ठरलेल्या तपासण्या. पिशवी अजून आहे. तिच्यात एक शर्ट, एक पँट आणि आजीचा फोटो उरलाय. बिस्किटं कधी संपली कुणालाच माहीत नाही. मी ती रिकामी करायला सांगितलेलं नाही. अनोळखी माणसाच्या मांडीवर जाऊन बसणं कमी झालंय. खोटं बोलणं तसंच आहे.

मे महिन्यात वडिलांना भागीदारीचा जुना हिशेब मिटवायला तीन आठवड्यांसाठी तमिळनाडूला जायचं झालं. कागदावर त्यांनी सही केली होती ती राहायला न जाण्याची. तरीही ते माझ्याकडं आले. "मॅडम, तुम्हीच सांगा त्याला." मी नाही म्हटलं. त्यांनी रविवारी सांगितलं.

"किती दिवस?"

"एकवीस-बावीस."

"तारीख सांगा."

वडिलांनी परतीचं तिकीट काढून दाखवलं. सोहमनं कालनिर्णयवर गोल केला, निळा. निघायच्या सकाळी साडेसहाला आईचा मला फोन आला. ती हसत होती की रडत होती, मला नीट कळेना.

"मॅडम, आता ह्यांची चप्पल सापडंना."